हंगामाची भाजी : लाज नव्हे, इतिहास

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघणार आहे, तुम्हीही इतिहासावर एखादा लेख द्या, असे कमिटीच्या मंडळींनी मला सांगितले. मी म्हणालो, "देतो. भाजीवर देतो." सगळे हसले. एक जण म्हणाला, "अहो, लेण्यांवर लिहा, लढ्यावर लिहा. भाजीला कसला आलाय इतिहास?" पण मी चेष्टा करीत नव्हतो. राजेरजवाड्यांना इतिहास असतो तसा ताटालाही असतो. आपल्या ताटात काय पडले, काय पडले नाही, आणि जे पडले ते खाताना आपल्याला लाज का वाटली, हा आपलाच इतिहास आहे. तो दुसरा कोणी लिहायला येणार नाही.

सुरुवात माझ्यापासून करतो, कारण त्या लाजेत मीही होतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतलेच एक. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेन. दोन-तीन महिन्यांत घरातले होते नव्हते ते संपले आणि हजारो कुटुंबांसारखी आमचीही रवानगी गावाला झाली, रत्नागिरी जिल्ह्यात. वडील मुंबईतच राहिले. त्या पावसाळ्यात आमच्या घरात विकतची भाजी आली नाही. आई आणि आजी सकाळी टोपली घेऊन बांधाबांधाने फिरायच्या. पहिल्या पावसानंतर टाकळ्याची कोवळी पाने, मग कुर्डू, भारंगी, अळू, भोपळ्याचा पाला. रोज काहीतरी हिरवे चुलीवर चढायचे. शाळेच्या डब्यात भाकरी आणि टाकळा. एकदा वर्गातल्या पोरांनी डबा बघितला आणि ओरडली, "ह्यांच्याकडे रस्त्याकडचा पाला खातात!" त्या दिवसापासून मी भाजी वाटेवरच्या ओहोळात टाकायचो आणि कोरडी भाकरी खायचो. आईला ते कळले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "फुकट मिळतंय म्हणून वाईट नसतं रे बाबा."

ह्या एका वाक्याचा अर्थ समजायला मला तीस वर्षे लागली. पुढे मीही गिरणीत लागलो. शिक्षण अर्धवट राहिले होते, म्हणून रातपाळी करून दुपारी वाचनालयात बसायचो. तिथे जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पाला नसला की काय होते?

भाजीचे मोल कळायचे तर भाजी नसताना काय झाले ते बघावे. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपातली जहाजे महिनोन् महिने समुद्रावर राहू लागली. जहाजावर वाळलेला पाव आणि खारवलेले मांस भरपूर, पण ताजे फळ नाही, हिरवा पाला नाही. काही आठवड्यांनी खलाशांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, दात हलू लागत, अंगावर काळेनिळे डाग पडत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणूस मरे. ह्या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. लढाईपेक्षा ह्या रोगाने जास्त खलाशी मेले.

जेम्स लिंड नावाचा एक डॉक्टर इंग्रजांच्या 'सॅलिस्बरी' जहाजावर होता. मे १७४७ मध्ये त्याने बारा आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. बाकीचे अन्न सगळ्यांना सारखेच. फक्त औषध निरनिराळे. कोणाला सफरचंदाची आंबवलेली दारू, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचे पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. संत्री-लिंबे सहाच दिवसांत संपली, पण तेवढ्यात त्या जोडीतला एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला आणि दुसरा इतर रोग्यांची सेवा करू लागला. लिंडने १७५३ साली ग्रंथ लिहून हे जगापुढे मांडले. तरीही इंग्रजांच्या आरमाराने लिंबाचा रस नियमाने देण्याचे ठरवले ते १७९५ साली. म्हणजे प्रयोगानंतर ४८ वर्षांनी! गोष्ट साधी असली आणि स्वस्त असली की मोठ्या लोकांना ती पटायला वेळ लागतो, हे तेव्हाही खरे होते.

कूतचा वेढा

आता आपल्या मुलखातल्या माणसांची गोष्ट. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हिंदी फौज तुर्कांशी लढायला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, नेली. त्यात सहावी पुणे डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. कोकणातली, देशावरची शेतकऱ्यांची पोरे. डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा गावात ही फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने फौज शरण गेली.

त्या वेढ्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. एकाच गावात, एकाच वेढ्यात, गोऱ्या आणि हिंदी शिपायांना दोन वेगळे रोग झाले. गोऱ्यांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळायचा. त्यांच्यात बेरीबेरी झाली. पुढे पिठाचा तुटवडा पडला आणि त्यांच्या पावात आटा व जवाचे पीठ मिसळू लागले, तेव्हा ती कमी झाली. हिंदी शिपाई आधीपासून कोंड्यासकट आट्याची चपाती खात होते, त्यांना बेरीबेरी झाली नाही. पण त्यांना भाजी नव्हती, फळ नव्हते, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. जखमा भरेनात, पायांत ताकद राहीना.

गोऱ्या शिपायांना स्कर्व्ही फारशी का झाली नाही? कारण छावणीतले घोडे मारून त्यांचे ताजे मांस ते खात होते. ताज्या मांसात स्कर्व्ही रोखणारा थोडाफार अंश असतो. हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खायचे नाकारले. धर्म आड आला, जात आड आली. गावी परत गेल्यावर लोक काय म्हणतील, ही धास्ती आड आली. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले, तरी बरेच जण एप्रिलपर्यंत तयार झाले नाहीत. तोवर फार उशीर झाला होता. वसंत ऋतूत वेढ्यातल्या मोकळ्या जमिनीवर रानपाला उगवला, तेव्हा तो खुडून शिजवायला सुरुवात झाली. जे काम माझी आई आणि आजी टोपली घेऊन करीत होत्या, तेच काम कूतमध्ये फौजेला करावे लागले.

इथे एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. दोष एकट्या शिपायाच्या समजुतीचा नव्हता. हिंदी शिपायाचे रेशनच मुळात हलके होते, त्यात ताजी भाजी नावापुरती. वेढ्याबाहेरच्या हिंदी पलटणींतही १९१६ साली स्कर्व्हीचे हजारो रोगी निघाले. वरच्यांनी पुरवले नाही आणि जे हाताशी होते त्याची लाज वाटली. ह्या दोन्हींच्या मध्ये माणूस मेला.

मोडाची उसळ

ह्याच महायुद्धात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक नावाच्या शास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकारी बायका एका प्रश्नावर काम करीत होत्या. वाळवंटात, बर्फात, जिथे ताजी भाजी पोचत नाही, तिथे शिपायाला स्कर्व्हीपासून वाचवायचे कसे? त्यांना उत्तर सापडले ते कडधान्यात. कोरड्या मसुरात, वाटाण्यात स्कर्व्ही रोखणारा अंश जवळजवळ नसतो. पण तेच कडधान्य भिजवून एक-दोन दिवस मोड आणले की तो अंश तयार होतो. फौजेला मोड आलेली कडधान्ये द्या, फार वेळ शिजवू नका, अशी शिफारस त्यांनी केली.

हे वाचले तेव्हा मी वाचनालयात एकटाच हसलो. अहो, गिरणगावातल्या खाणावळीत एका खोलीत पंधरा-वीस गाळेवाल्यांना जेवू घालणारी बाई आदल्या रात्री मटकी फडक्यात बांधून खुंटीला लटकवायची. तिला कोणी लिस्टर इन्स्टिट्यूट दाखवले नव्हते. महागाईत भाजी परवडत नाही म्हणून ती उसळ करायची. पण त्या फडक्यात जे घडत होते, ते लंडनला सिद्ध झाले होते.

पुढे १९३०च्या सुमारास हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ज्योर्जी ह्यांनी हा अंश वेगळा काढला. त्यालाच आज आपण क जीवनसत्त्व म्हणतो. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हिसारचा आवळा

आपल्या देशातही हे काम झाले. निलगिरीतल्या कुन्नूर येथे मॅकॅरिसन ह्यांनी १९१८ साली आहाराच्या संशोधनाला सुरुवात केली. पुढे ॲक्रॉइड ह्यांच्या काळात त्या प्रयोगशाळेने शेकडो हिंदी धान्ये, भाज्या, फळे तपासून त्यांचे तक्ते छापले. ही संस्था १९५८ साली हैदराबादला गेली. आज तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात.

१९३९-४० साली पंजाबातल्या हिसार भागात (आता तो हरियाणात आहे) मोठा दुष्काळ पडला. हिरवे काही उरले नाही आणि स्कर्व्ही आली. तेव्हा बाहेरून महागडे औषध आणले नाही. आपल्याच आवळ्याची पूड आणि गोळ्या देऊन रोगी बरे केले. आवळ्यात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते. पेरूत संत्र्याच्या चौपटीहून जास्त. शेवग्याचा पालाही ह्या बाबतीत संत्र्याला हार जात नाही. आणि आपण आजाऱ्याला भेटायला जाताना काय नेतो? सफरचंद! त्यात क जीवनसत्त्व अगदी थोडे. पण ते महाग, लाल, चकचकीत. पेरू नेला तर लोक काय म्हणतील?

त्याहून जुनी गोष्ट

आपल्या विहारात हे सांगताना आणखी मागे जावेसे वाटते. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचे एक सबंध प्रकरण आहे. श्रावस्तीला शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले. अन्न पोटात ठरेना, अंग वाळले, शिरा दिसू लागल्या. ते पाहून भगवंतांनी नियमाला धरून न बसता तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी औषध म्हणून घ्यायला परवानगी दिली. पुढे त्याच प्रकरणात हिरडा, बेहडा, आवळा ही फळे औषध म्हणून येतात, आणि आंबा, जांभूळ, केळी, द्राक्ष, फालसा ह्यांची पेये घ्यायची मुभा येते. माणूस कोणत्या ऋतूत का आजारी पडतो, हे डोळे उघडे ठेवून बघायचे आणि मग ठरवायचे, ही ती रीत आहे.

सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख गिरनारला आहे. त्यात तो सांगतो की माणसांच्या आणि जनावरांच्या उपचाराची सोय केली, औषधी वनस्पती, मुळे आणि फळे जिथे नव्हती तिथे आणून लावली. दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने फळझाडे लावणे हे राज्यकारभाराचे काम मानले आणि ते दगडावर कोरून ठेवले! अशोकावदानात अशीही कथा आहे की शेवटच्या दिवसांत अशोकाच्या हाती देण्यासारखे काहीच उरले नाही, फक्त अर्धा आवळा उरला. तो त्याने संघाला पाठवला आणि भिक्खूंनी तो कालवणात कुटून सगळ्यांना वाटला. ही कथा आहे, शिलालेख नाही, हे ध्यानात ठेवावे. पण कथा सांगणाऱ्यालाही आवळाच आठवला.

हंगामच का?

आता कोणी विचारील, बाजारात बारा महिने सगळे मिळते, मग हंगामाचे कौतुक कशाला? "निसर्ग ज्या ऋतूत जे पाहिजे तेच देतो" असे लोक म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. निसर्ग आपल्यासाठी बसून हिशेब करीत नाही. पाऊस पडला की टाकळा उगवतो, एवढेच. कारणे साधी आहेत आणि ती आपल्याला तपासून बघता येतात.

पहिले, पाला खुडल्यापासून त्यातले क जीवनसत्त्व कमी होत जाते. हंगामातली, जवळून आलेली भाजी ताजी असते. दुसरे, हंगामात माल जास्त, म्हणून भाव कमी. त्याच पैशात दुप्पट भाजी घरात येते. तिसरे, हंगाम बदलला की ताट बदलते. पावसात टाकळा, कुर्डू, अळू, कंटोली. थंडीत मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला, मुळा, गाजर, पावटा, आवळा, पेरू, बोरे. उन्हाळ्यात काकडी, कैरी, कलिंगड, फणस, करवंदे, जांभळे. एका वर्षात आजीच्या ताटात पन्नास प्रकार यायचे. आज आपल्या घरात बटाटा, फ्लॉवर, टोमॅटो, आणि फिरून बटाटा.

पण सावधही राहिले पाहिजे. ओळखीचा नसलेला रानपाला तोडून खाऊ नये. शेवळं, अळू ह्यांना चिंचेसारखे आंबट लागते, नाहीतर घसा खाजतो. टाकळा कोवळाच खावा. आणि शहरात गटाराच्या पाण्यावर वाढवलेली भाजी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. हिरवे दिसले म्हणजे चांगलेच, असे नाही.

लाज आणि रक्त

गेल्या वर्षी माझ्या सुनेला दिवस राहिले. दवाखान्यात रक्त तपासले तर कमी निघाले. डॉक्टरबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, "पालेभाजी खातेस का?" सून गप्प. आमच्या घरातच आठवड्यातून एकदा पालेभाजी होत होती, तीही मुले खात नाहीत म्हणून थोडी. इतिहास वाचणारा मी, पण माझ्याच घरात हे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ जणींचे रक्त कमी आढळले. ती आपल्याच घरातली लेकीबाळी, सुना. नुसत्या पालेभाजीने हे भरून निघत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. पण पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगाला जास्त लागते, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. आणि गडद हिरव्या पाल्यातून डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्वही मिळते. त्याच्या अभावाने मुले आंधळी होत होती, म्हणून सरकारला १९७० साली मुलांना त्याचे डोस देण्याची देशव्यापी योजना काढावी लागली.

त्या संध्याकाळी मी स्टेशनबाहेर गेलो. पालघरकडून आलेल्या आदिवासी बाया पावसाळ्यात तिथे बसतात. टाकळ्याच्या जुड्या घेतल्या. घरी आईने निवडायला घेतल्या. ती आता ऐंशीकडे झुकली आहे. सून म्हणाली, "आई, ही गावठी भाजी कोणी खातं का आता?" माझी आई माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "विचार तुझ्या सासऱ्याला. ओहोळात टाकून यायचा." चाळीस वर्षे तिने हे मनात ठेवले होते.

बंधूंनो, भगिनींनो, एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. रानभाजी खाऊन आम्ही सुखात होतो, असे मी म्हणत नाही. ती आम्ही आवडीने नाही, नाइलाजाने खाल्ली. तांदूळ संपले होते म्हणून खाल्ली. उपासमारीचे गोडवे गाणारे लोक मला पटत नाहीत. आपल्या मुलांना दूध, अंडी, डाळ, मासे, मांस सगळे मिळाले पाहिजे, त्यासाठी झगडले पाहिजे. पण गरिबी सोडायची म्हणजे आईचे शहाणपणही सोडायचे, असे कोणी सांगितले? आपण गरिबी टाकायला निघालो आणि तिच्याबरोबर पालाही ओहोळात टाकून आलो. आता मुलांच्या हातात दहा रुपयांचे चकचकीत पाकीट आहे, ते खाताना त्यांना कोणी हसत नाही.

म्हणून माझी एकच विनंती. पुढच्या वर्षावासात दर रविवारी विहारात एखाद्या घरातून हंगामाच्या भाजीचे एक भांडे यावे. ज्या आजीला ती भाजी येते, तिनेच ती मुलांसमोर निवडावी, नाव सांगावे, कशी शिजवायची ते सांगावे. आपल्या वस्तीत अशा आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. लेण्यांवरचे लेख दगडावर आहेत, ते राहतील. हे मात्र त्यांच्या तोंडी आहे.

सुनेला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण चांगली आहेत. त्या दिवशीची टाकळ्याची भाजी मी दोनदा मागून घेतली.

जयभीम!